पिवळ्या धोंड्यांच्या गावाला

आमच्या साडूंचं लग्न माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, त्याच मांडवात झालं. मांडववाला एका दिवसासाठीही दोन दिवसांचं भाडं लावतो ही बातमी त्यांनी स्वतः काढली होती, आणि मुलगी पसंत पडण्यात त्या बातमीचा हातभार होता, असं सासुरवाडीत अजून बोललं जातं. ते अटलांटाला असतात, मी एडिसनला. आम्हा दोघांना पाण्याखाली जायचं वेड लागलं तेही सासुरवाडीमुळेच. सासुरवाड मालवणची. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला एका पोराने मानगुटीला धरून आम्हाला मांजराच्या पिल्लांसारखं पाण्याखाली फिरवून आणलं, आणि वर येताच साडू म्हणाले, "हे आपलं आपल्याला आलं तर त्या पोराचे पैसे वाचतील."

पुढे पेनसिल्व्हेनियातल्या एका पाणी भरलेल्या दगडखाणीत कुडकुडत आम्ही सर्टिफिकेटं मिळवली आणि कॅरिबियनला जायचं ठरवलं. बेट निवडलं साडूंच्या एक्सेल शीटने. बहुतेक बेटांवर डायव्हिंग म्हणजे बोट आली. बोट आली की तिचं डिझेल, तिचा कप्तान, त्याची टिप. मग शीटच्या तळाशी एक नाव उरलं: बोनेअर. इथे समुद्र रस्त्याच्या कडेलाच सुरू होतो आणि प्रवाळ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पिकअप भाड्याने घ्यायची, मागे टाक्या टाकायच्या, वाटेल तिथे थांबायचं आणि चालत समुद्रात शिरायचं. शीटमधला 'बोट' हा रकाना साडूंनी डिलीट केला तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांचे डोळे पाणावलेले मी पाहिले आहेत.

बोनेअर हे व्हेनेझुएलाच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवरचं, २८८ चौरस किलोमीटरचं बेट. १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे. म्हणजे राज्य डचांचं, नाणं मात्र अमेरिकी डॉलर, त्यामुळे पैसे बदलून घेण्याचा बट्टा नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला व्हिसा लागतो, पण अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलं की तोही लागत नाही. शिवाय चक्रीवादळांचा नेहमीचा रस्ता या बेटाच्या बराच उत्तरेकडून जातो. म्हणून दुसरीकडे जे महिने स्वस्त आणि धोक्याचे, ते इथे नुसतेच स्वस्त. आम्ही मे महिना धरला.

शीट अटलांटाहून येत राहिली. आवृत्ती चौथी, आवृत्ती नववी. पहिल्यापासून वाद झाला तो हवेवरून. तिथली दुकानं सहा दिवसांचं 'अनलिमिटेड टाक्या' असं पॅकेज देतात. अनलिमिटेड हा शब्द मराठी माणसाच्या डोक्यात थाळीला चिकटलेला असतो. साडूंनी दिवसाला पाच असे तीस डाइव्ह लिहून टाकले आणि पॅकेजच्या किमतीला तिसाने भागून फोनवर हसले. मी म्हटलं, "अहो, रक्तात नायट्रोजन साठतो." ते म्हणाले, "थाळीला बसल्यावर कोलेस्टेरॉल मोजतो का आपण?" मग नायट्रॉक्स. त्यात ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असतो, त्यामुळे खोलावर जरा जास्त वेळ थांबता येतं. पण त्याचं वेगळं सर्टिफिकेट लागतं आणि टाकी उचलण्यापूर्वी ऑक्सिजन किती टक्के आहे हे स्वतः मोजून वहीत सही करावी लागते. "हवेत भेसळ करून वर आपल्यालाच मोजायला लावतात," असा शेरा त्या ओळीपुढे पडला. एका खर्चाला मात्र बायकांनी हात लावू दिला नाही, तो म्हणजे डायव्हिंगचा विमा. "तुम्ही नायट्रोजनने वाकडे होऊन वर आलात तर मी काय उपचाराच्या चेंबरवाल्याशी घासाघीस करत बसू?" असं मेहुणीने विचारलं, आणि साडूंनी निमूट आकडा भरला.

नुअर्कहून विमान पाचेक तासांत पोचतं. विमानतळाचं नाव फ्लेमिंगो आणि इमारत त्याच पक्ष्यासारखी गुलाबी. गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा हा डायव्हरांचा स्वर्ग असल्याचं लिहिलेलं. बेटावर एकही सिग्नल नाही. स्वर्गात शिरताना आधी माणशी ७५ डॉलर प्रवेश कर आणि मग ४० डॉलर निसर्ग शुल्क. हे शुल्क किनाऱ्याभोवतीच्या सागरी उद्यानासाठी जातं. उद्यान १९७९ सालचं, पण भाल्याने मासे मारायला बंदी त्याही आधी, १९७१ साली आली. १९६२ मध्ये शिडाच्या जहाजातून इथे येऊन राहिलेल्या कॅप्टन डॉन स्टुअर्ट नावाच्या अमेरिकन माणसाने डायव्हिंगचा हा सगळा संसार मांडला. तोही सुरुवातीला मासे मारणाऱ्यांतलाच. पहिल्या दिवशी दुकानवाले सगळे नियम ऐकवतात आणि दुकानासमोरच एक डाइव्ह करायला लावतात, कमरेला शिसं किती लागतं ते बघायला. प्रवाळाला हात लावायचा नाही, म्हणून हातमोजेही बंद. साडूंनी सेलमध्ये घेतलेले, परत न होणारे हातमोजे तिथेच बॅगेत गेले. पुढे सहा दिवस ते त्यांनी भांडी घासायला वापरले. वसूल म्हणजे वसूल.

आता त्या धोंड्यांबद्दल. आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की देव होतो. बोनेअरला पिवळा रंग फासला की डाइव्ह साइट. किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी हाकत जायचं, कडेला पिवळा धोंडा दिसतो, त्यावर काळ्या अक्षरांत नाव. असे पन्नासहून जास्त धोंडे आहेत. नावंही देवळांसारखीच, कुठे साधी, कुठे नवसाला पावणारी. त्यातल्या एकाचं नाव 'हजार पायऱ्या'. मोजल्या तर सत्तरच्या आत-बाहेर. जेजुरीला नवलाख म्हणणाऱ्या माणसांनी यावर बोलू नये, म्हणून मी बोललो नाही. नावाचा अर्थ परत येताना कळतो. उतरताना टाकी तुमची असते, चढताना तुम्ही टाकीचे. रिकामी टाकीसुद्धा चौदा-पंधरा किलो भरते, त्यात कमरेचं शिसं आणि अंगावर निथळणारा वेटसूट. पंचेचाळिसाव्या पायरीवर साडू बसले आणि म्हणाले, "बोटीवर हे सगळं पोरं उचलतात ना हो?" तो डिलीट केलेला रकाना त्यांच्या डोळ्यांपुढे तरळत असावा.

हीच या स्वस्ताईची गोम. बोटीचं भाडं वाचतं, हमाली आपल्याकडे येते. किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी वाळू नाहीच, जुन्या प्रवाळाचा करवतीसारखा काळा खडक आहे. जाड तळव्याचे बूट नसले तर पहिल्याच पावलाला सुट्टी संपते. पाठीवर टाकी, एका हातात फिन्स, दुसरा हात बायकोच्या खांद्यावर, अशी वरात निघते. खडकावर शेवाळ. पाऊल चाचपून टाकावं तर खाली खड्डा, थांबावं तर मागून लाट. मांडीभर पाण्यात पोचलं की फिन्स चढवायच्या, म्हणजे एका पायावर उभं राहून समुद्राला शांत राहायची विनंती करायची. साडूंनी पहिल्या दिवशी फिन्स किनाऱ्यावरच चढवल्या आणि बदकासारखे पुढे तोंड करून निघाले. फिन्स घातल्यावर उलटं चालायचं असतं. पुढच्या लाटेने त्यांना आडवं केलं, त्यापुढच्या लाटेने उभं केलं, तिसरीने चष्मा नेला. माझ्या बायकोने तो शांतपणे उचलून दिला. ती आमच्यातली खरी डायव्हर. एका टाकीत ती तासाच्यावर काढते, साडू अठ्ठावीस मिनिटांत टाकी कोरडी करतात. हवा अनलिमिटेड असली तरी एका ताटात एकदाच वाढतात.

पाण्यात डोकं गेलं की मात्र हिशेब बंद. आधी उथळ वाळू, मग साधारण दहा मीटरवर प्रवाळाची कडा, आणि तिथून उतार खाली निळ्यात उतरलेला. मधूनमधून कुरकुर आवाज येतो. तो पोपटमासे प्रवाळ कुरतडत असतात त्याचा. खाल्लेल्या प्रवाळाची ते वाळू करून मागे सोडतात. सुरुवातीला प्रवाहाच्या उलट जायचं आणि परतताना प्रवाहाबरोबर यायचं, एवढा एक नियम पाळला की पिकअपच्या समोर डोकं निघतं. न पाळल्यास डांबरी रस्त्याने टाकीसकट पायी यावं लागतं. रस्ता बराच तापतो.

हिल्मा हूकर या जहाजाची गोष्ट साडूंना फार आवडली. १९८४ मध्ये हे जहाज बिघडून बंदरात आलं, झडती घेतली तर आत अकरा टनांच्या आसपास गांजा. जहाज अडकवून ठेवलं, मालक कोणी फिरकेना, तळ झिरपत होता, शेवटी त्याला नांगरून ठेवलं आणि त्याच सप्टेंबरात ते बुडालं. आता तीस मीटरवर कुशीवर निजलंय. एवढं बहात्तर मीटरचं जहाज तिकिटाशिवाय बघायला मिळतं, याचं साडूंना अप्रूप. रात्रीच्या डाइव्हला तर आम्हीच कोणाचे तरी फुकटचे नोकर झालो. टार्पन नावाचा माणसाएवढा चंदेरी मासा टॉर्चच्या मागे मागे येतो. आपण हौसेने एखाद्या छोट्या माशावर प्रकाश धरावा, तर कानाजवळून चांदीचं दार सरकल्यासारखं काहीतरी जातं आणि छोटा मासा नसतो. साडूंनी टॉर्च विझवला. बॅटरी त्यांची आणि जेवण त्याचं, हे त्यांना सहन होईना.

खाण्याचं सांगायचं तर बेटावर जवळपास सगळं बाहेरून येतं, म्हणून भाजी महाग. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं आणि चोख. बाटल्या विकत घेणारा माणूस तिथे पहिल्यांदाच आलाय हे ओळखावं. आम्ही स्वयंपाकघरवाली खोली घेतली होती, कुकर नेला होता, रोज खिचडी. एकदा दुकानात मेहुणीने बटाट्यांकडे बोट दाखवून तिथल्या बाईंना नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "बटाटा." मेहुणी उडालीच. तिथली बोली पापियामेंतू, पण हा शब्द मुळात कॅरिबियनच्या मूळ रहिवाशांचा. तो रताळ्याचं नाव म्हणून युरोपात गेला आणि पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्या भाजीत उतरला. पपईसुद्धा तिकडचीच. दोघी बराच वेळ हसल्या. भाव मात्र कमी झाला नाही.

दक्षिणेला मिठागरं आहेत, गुलाबी पाणी आणि पांढरे डोंगर. तिथेच रस्त्यालगत दगडी खोपट्यांची रांग आहे, १८५० च्या सुमाराची. मीठ उपसणाऱ्या गुलामांना निजायला बांधलेली. दार इतकं बुटकं की रांगत आत जावं लागतं. डचांनी गुलामगिरी १८६३ मध्ये बंद केली. साडू एका खोपट्यात वाकून गेले, बाहेर आले आणि त्या दुपारी पायऱ्यांबद्दल किंवा टाकीच्या वजनाबद्दल काही बोलले नाहीत.

त्या खोपट्यांच्या पुढेच आमची चोरी झाली. किनाऱ्यावर उभ्या गाड्यांतून भुरट्या चोऱ्या होतात, म्हणून तिथली रीत अशी, की गाडीत काही ठेवायचं नाही, कुलूप लावायचं नाही आणि काचा खाली ठेवायच्या. म्हणजे चोर काच तरी फोडत नाही. गॅसच्या सिलिंडरला साखळी घालणाऱ्या घराण्यातल्या माणसाला हे किती जड गेलं असेल! साडू तीनदा परत जाऊन काचा उघड्या असल्याची खात्री करून आले, आणि सीटखाली चिवड्याची पिशवी ठेवून आले. "चिवडा कोण चोरतंय?" पाऊण तासाने पाण्यातून डोकी काढली तर पिकअपच्या खिडकीत मागचे दोन पाय आणि शेपूट. बोनेअरला स्पॅनिश लोकांनी कामाला आणलेल्या गाढवांची रानटी औलाद मोकाट हिंडते. हे गाढव कमरेपर्यंत आत होतं. आमची चाहूल लागताच ते बाहेर आलं, तोंडाला खोबऱ्याचे काप, आणि आमच्याकडे असं बघितलं की आम्हीच गाडी सोडून निघावं. शेंगदाणे त्याने वेचून खाल्ले होते. डाळं ठेवलं होतं.

सहाव्या दिवशी थाळीचा घास अडकला. सलग दिवस बुडणाऱ्याने विमानात बसण्यापूर्वी निदान १८ तास कोरडं राहायचं असतं, नाहीतर साठलेला नायट्रोजन वर गेल्यावर सोडावॉटरसारखा उसळतो. विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं. म्हणजे पैसे भरलेला अख्खा दिवस टाक्यांकडे बघत काठावर. साडूंनी दुकानात जाऊन, न वापरलेल्या दिवसाचं काही परत मिळतं का, असं विचारून पाहिलं. काउंटरवरची बाई त्यांना 'दुशी' म्हणाली. पापियामेंतूत याचा अर्थ गोड माणूस. पैसे मिळाले नाहीत.

हिशेब असा झाला: तिसाऐवजी एकोणीस डाइव्ह. भागाकार बिघडला म्हणून साडू विमानतळावर उदास होते. इतक्यात त्यांना निसर्ग शुल्काची पावती सापडली. ते शुल्क त्या कॅलेंडर वर्षापुरतं असतं, म्हणजे मे महिन्यात भरलेलं ३१ डिसेंबरपर्यंत चालतं. पुन्हा आलो तर माणशी ४० डॉलर वाचणार होते. ऑक्टोबरची चार तिकिटं त्यांनी परवाच काढली. ७५ डॉलरचा प्रवेश कर मात्र बेटावर पाऊल ठेवलं की दरवेळी नव्याने भरावा लागतो. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.