दुसऱ्याच्या पाल्यावर डोळा

बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव पालटतं, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं, त्याने बहुधा उकिरड्याला कधी हात लावला नसावा. ओल्या-सुक्याचे थर नीट दिले, ओल राखली आणि ढीग अधूनमधून खालीवर केला, तर तीन-चार महिन्यांत काम होतं. दैव तेवढ्यात पालटतं ते घरातल्या माणसांचं.

आमच्या परसात लिंबामागे विटांचा हौद आहे. घरात सगळ्यांत जास्त पथ्यं त्याची. हाडं नकोत, तेलकट नको, दूध-दही नको. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, मेथीच्या काड्या मात्र कितीही.

"एवढी पथ्यं तर सासूबाईंचीसुद्धा नाहीत," ही म्हणाली.

"माझ्या सासूबाईंची होती," मटार सोलता सोलता आई म्हणाली, आणि टरफलांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

मंडईत मी फ्लॉवर पाल्यासकट मागतो. शेजारच्या गिऱ्हाइकाने टाकलेला मुळ्याचा पालाही पिशवीत भरतो. परवा भाजीवाल्या मावशींनी आपुलकीने विचारलं, "साहेब, शेळी दूध किती देते?" मी "बरं देते" म्हणालो. कर्ब-नत्राचं गुणोत्तर भर मंडईत कोण समजावणार?

खरी मेख तिथेच आहे. भाजीच्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळल्या पाल्यात कर्ब जास्त. ढिगात नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब असला की जिवाणू खूश. पाला कमी पडला की वास शेजाऱ्यांपर्यंत जातो आणि मग शेजारी आपल्यापर्यंत येतात. ओलीचं माप सोपं: मूठभर घेऊन पिळलं की एखाद-दोन थेंब पडावेत, धार नव्हे.

हे शास्त्र काही माझ्या परसात जन्मलं नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी ते इंदूरला बसवलं, म्हणून जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. १९३१ सालच्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. हे कळल्यापासून आई हौदाकडे जरा आदराने बघते. ढीग मोठा, साधारण घनमीटरभर असला, तर आत ५५-६० अंशांपर्यंत तापतो. मी लोखंडी सळई खुपसून, बाहेर काढून हात लावून बघतो. ओट्यावरून आईचा प्रश्न ठरलेला: "उतरला का रे ताप?" उतरू नये म्हणूनच माझी धडपड असते, हे तिला पटत नाही.

आमचा हौद तसा लहान. तो एवढा तापत नाही, त्यामुळे त्यातल्या बिया मरत नाहीत. खत घालावं गुलाबाला आणि उगवावेत टोमॅटो. मुद्दाम वाफा करून लावलेल्या भोपळ्याने कधी तोंड दाखवलं नाही. जास्वंदीवर चढलेला बिनबोलावता भोपळा मात्र गल्लीभर वाटून झाला.

भाजीचा कचरा बारमाही मिळतो, चणचण असते ती वाळल्या पाल्याची. आणि लोक तो खुशाल जाळतात! सकाळी कुठे धूर दिसला की माझा चहा कडू होतो. तेव्हा एक विनंती. येत्या पानगळीत काडी ओढू नका. पाला पोत्यांत भरून फाटकाशी ठेवा, मी येऊन घेऊन जाईन. पोती धुऊन परत मिळतील.