एक घनफूट हवा

छोट्या मोटारीची डिकी ही मराठी कुटुंबातली सामायिक जमीन असते. सातबारा गाडी घेणाऱ्याच्या नावावर असला तरी वहिवाट सगळ्यांची. गावाहून येताना तांदळाचं पोतं, मे महिन्यात आंब्याची पेटी, लग्नसराईत आहेराच्या पिशव्या आणि बाराही महिने एक मोडकी छत्री. या जमिनीवर माझ्या भाच्याने लाकडाची पेटी बसवायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा ताईने साहजिकच विचारलं, "पेटीत काय ठेवणार?"

"काही नाही," तो म्हणाला. "हवा."

जागेवरून वाद आमच्या घराला नवे नाहीत. पण रिकामी ठेवण्यासाठीच कुणी जागा मागितल्याचं ताईच्या ऐकिवात नव्हतं. भाच्याला गाडीत बारा इंची सबवूफर हवा होता. दुकानातली तयार पेटी मागच्या सीटच्या कलत्या पाठीशी बसेना, म्हणून ती मापाने करून घ्यायची होती. "स्पीकर आणलायस ना, मग तोच बसव की," असं मीही म्हणून पाहिलं. त्यावर मला जे व्याख्यान मिळालं, त्याने माझी बरीच समजूत बदलली.

स्पीकरचा शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाची लाट फार लांब. ३४ हर्ट्झची जवळजवळ १० मीटर भरते. एवढ्या लाटेला बारा इंची स्पीकरला वळसा घालणं काहीच अवघड नसतं. मागची हवा पुढे येते, पुढच्या दाबाचा हिशेब चुकता करते आणि हातात शून्य उरतं. उघडा स्पीकर जिवाच्या आकांताने थरथरतो आणि ऐकू फारसं काही येत नाही. तेव्हा या पुढच्या-मागच्यांची गाठ पडू न देणं, हे पेटीचं पहिलं काम.

दुसरं काम कोंडलेल्या हवेचं. अमेरिकेत एडगर विलचर यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की शंकूला मागे खेचायला कडक बांधणी लागत नाही. बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वागते. पेटी लहान तितकी स्प्रिंग कडक. दुसरा मार्ग भोकाच्या पेटीचा. तो बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांनी १९३० च्या सुमारास काढला. पेटीला नळी बसवायची, म्हणजे मागचा आवाज योग्य स्वरावर उलटा फिरून पुढच्याला मदत करतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमारा निघतो, त्याच्यामागचं गणित हेच. दोन घनफुटांची पेटी ३४ हर्ट्झवर लावायची तर १० सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे २८ सेंटिमीटर लांब लागते. नळी कापताना हात सढळ ठेवून चालत नाही.

ही मापं पूर्वी बरीचशी कानाने आणि करवतीने ठरायची. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी ती सूत्रांत बसवली. निबंध ऑस्ट्रेलियात छापला गेला आणि जगाचं लक्ष गेलं ते दहा वर्षांनी, अमेरिकेत पुन्हा छापल्यावर. मग सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं. आज सबवूफरच्या खोक्यातल्या कागदावर जे आकडे असतात, त्यांना या दोघांची नावं आहेत. त्या कागदावर नजर टाकून भाचा म्हणाला, "मामा, याला एक घनफूट हवा पुरते." एक घनफूट म्हणजे २८ लिटर. तेलाचे दोन डबेही भरत नाहीत, हे ऐकून ताई जरा नरमली.

खरी गंमत सुतारापाशी झाली. मिस्त्रींनी जन्मभर कपाटं केलेली. दार नाही, कप्पा नाही, कडी नाही आणि वर सगळे सांधे सिलिकॉनने बुजवायचे, हे ऐकून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मग उघडायची कुठून?"

"उघडायचीच नाही."

"सनमायका तरी लावू?"

मग मापावरून जुंपली. मिस्त्री पेटी बाहेरून मोजत होते, भाचा आतून. कपाटाचं बाहेरचं माप महत्त्वाचं, कारण ते भिंतीला लागून बसायचं असतं. पेटीचं आतलं महत्त्वाचं, कारण विकत घेतोय ती हवा. एमडीएफ अठरा एमएमचं, म्हणजे दर मापात छत्तीस मिलिमीटर लाकडात जातात. आतून ६० सेंटिमीटर लांब, ३३ उंच, आणि सीटच्या कलामुळे खोली वर १३, खाली १९. गुणाकार केला की साडेएकतीस लिटरच्या वर. त्यातून स्पीकरच्या लोहचुंबकाने अडवलेले दोन-तीन लिटर वजा. बाहेरून हीच पेटी पंचेचाळीस लिटरची दिसते. दिसण्यात आणि असण्यात एवढी तफावत मी फक्त माणसांत पाहिली होती.

"सूतभर इकडेतिकडे चालतं हो," हे मिस्त्रींचं ब्रीद ऐकून भाच्याने मान वर केली. मला वाटलं, आता भांडण. पण तो म्हणाला, "बंद पेटीत चालतं." आणि ते खरंच आहे. नळीच्या पेटीत माप चुकलं तर स्वर हलतो. बंद पेटी लिटरभराची चूक पोटात घालते. मिस्त्रींना शास्त्राचा दाखला मिळाला, भाच्याला मिस्त्री मिळाले.

मला सर्वांत आवडली ती गाडीची करामत. बंद पेटीचा आवाज खर्जात एका ठरावीक उताराने मंदावत जातो. गाडीची केबिन जेमतेम तीन मीटरची. साठ हर्ट्झच्या खाली लाट तिच्यात मावत नाही, नुसता दाब वाढत जातो, आणि खर्ज जवळपास त्याच चढाने वर उचलला जातो. एकाचा उतार दुसऱ्याच्या चढाने भरून निघतो. म्हणजे गाडी हीसुद्धा पेटीच, फक्त हिच्यात आपण बसतो. काच खाली केली की हे सगळं ओसरतं.

ताईचा शेवटचा विरोध मात्र तत्त्वाचा होता: रिकाम्या वस्तूला पैसे कशाला? भाच्याने उत्तर दिलं नाही, खोलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे गवसणीत ताईचा मिरजेचा तानपुरा उभा होता. आमच्या शेजारच्या या गावात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांचे हात वाद्यांकडे वळले, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला नि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथले कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळका भोपळा निवडतात, आतला गर-बिया काढून टाकतात आणि उरलेल्या पोकळीभोवती वाद्य उभं करतात. इतकी वर्षं त्या कोपऱ्यात तो भोपळा जागा अडवून बसला आहे. त्यात डाळ का भरत नाही, असं ताईला कुणी विचारलेलं नाही.

तह झाला. हॉफमन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाचा एक नियम या धंद्यात प्रसिद्ध आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. ताईने पहिली मागितली, भाच्याने दुसरी, आणि तिसरीचा भुर्दंड बॅटरीवर पडला. अ‍ॅम्प्लिफायर मोठा आला. आंब्याच्या दिवसांत पेटी काढून ठेवायची, हे कलमही तहात घातलं. हॉफमनसाहेबांनी एवढा विचार केला, पण काढलेली ती दहाएक किलोची रिकामी पेटी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवायची कुठे, यावर त्यांचा नियम गप्प आहे.