कालनिर्णयावरचा कॅनडा

कॅनडाचं नागरिकत्व मागायला गेलेल्या माणसाला तिथलं सरकार फार अवघड काही विचारत नाही. अर्जावर सही कराल त्या दिवसापासून मागे पाच वर्षं मोजायची आणि त्यात आमच्या देशात १,०९५ दिवस राहिलात एवढं दाखवायचं. उरलेल्या दिवसांत कुठे होतात, कधी गेलात, कधी परतलात आणि कशासाठी गेला होतात, ते ओळीने लिहून द्यायचं. पुढे वीस प्रश्नांची एक परीक्षाही असते, पंधरा बरोबर आले की पास. परीक्षेचं निदान पुस्तक मिळतं.

माझा धाकटा भाऊ राजू मिसिसागात असतो आणि सध्या या पाच वर्षांना जुंपलेला आहे. "ताई, बावीस साली मी आलो होतो ते कधी गं?" असा त्याचा फोन आला की पुण्यातल्या आमच्या घरात उत्तरांना तोटा नसतो. आई सांगते, नंदूच्या मुंजीला. मुंज कधी होती? तर आंबा महाग होता तेव्हा. मावशीच्या मते मुंजीला तो आलाच नव्हता. तो आला केळवणाला, आणि त्याने बासुंदी दोनदा मागून घेतली. बासुंदीबद्दल घरात कुणाचंच दुमत नाही. तारखेच्या चौकटीत ती भरता येत नाही, एवढीच अडचण.

पासपोर्ट बघ ना, असं सांगणारे शहाणे आमच्याकडेही आहेत. पासपोर्टात शिक्के आहेत, पण ते मुंबईचे. कॅनडा बाहेर जाणाऱ्याला शिक्का मारत नाही, आणि आत येतानाही हल्ली यंत्रापुढे उभं राहून काम भागतं. राजू टोरंटोहून निघाला चौदा तारखेला रात्री, मुंबईचा शिक्का पडला सोळाचा. पंधरा तारीख विमानातच गेली. अर्जाला हवी असते चौदा. जायचा दिवस आणि परतायचा दिवस हे दोन्ही कॅनडा उदारपणे आपल्याकडे राहिल्याचे धरतो, मधले तेवढे वजा करतो. त्यातून शिक्का मारणाऱ्याच्या हातात पहाटेच्या सुमाराला किती जोर उरलाय त्यावर तीनाचा आठ होतो, ते वेगळंच.

परतीचा घोळ निराळा. मुंबईहून लांबची विमानं बहुतेक मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. आम्ही पुण्याहून दुपारीच निघतो, कारण घाटात काय होईल सांगता येत नाही. रात्री तो आत जातो, आई दाराबाहेरून हात हलवत राहते, आणि विमान सुटतं दोन वाजता. आईच्या हिशेबी तो आदल्याच दिवशी गेला. पंचांगाला विचाराल तर आईचंच खरं, कारण आपला वार बदलतो सूर्योदयाला. रात्री दोन म्हणजे अजून कालच. हे इमिग्रेशनच्या काउंटरवर पटवून देण्याची हिंमत आमच्यात कुणाची नाही.

पुरावा शेवटी सापडला तो स्वयंपाकघराच्या दारामागे. आई कालनिर्णयाची जुनी वर्षं टाकत नाही, एकाच खिळ्याला एकावर एक अडकवून ठेवते. प्रत्येक तारखेच्या चौकटीत रोजच्या दुधाच्या पिशव्यांचा आकडा असतो. आमचं रोजचं दूध एक पिशवी. एकाचे तीन झाले की राजू आला, तीनाचा पुन्हा एक झाला की राजू गेला. नाव कुठेच नाही. २०२३च्या जुलैत दूध तीनवर गेलंय, दोन चौकटी पुढे 'सिलेंडर आला', त्याखाली 'इस्त्री १२', आणि एका रविवारी नुसतं 'कोल्हापूर'. ते धोंड्याचं. त्या वर्षी श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि राजूच्या सासूबाईंनी लेक-जावयाला बोलावलं होतं. तेवढे दिवस दूध पुन्हा एकवर उतरलंय. कॅनडाच्या लेखी पुणे काय नि कोल्हापूर काय, सारखंच. मी पानांचे फोटो पाठवले, राजूने जुन्या ईमेलांमधून तिकिटं शोधली, आणि आईचं दूध नि विमानाची तिकिटं अगदी बरोबर जुळली.

खरं म्हणजे विमानाने बाहेर जाणाऱ्यांची नोंद कॅनडाचं सीमाखातं २०२० पासून स्वतःच ठेवतं. आपली नोंद आपल्याला मागवताही येते. म्हणजे तुम्ही कुठे होतात हे त्यांना ठाऊक असतं. तुम्ही काय सांगता ते बघायचं असतं. रात्री उशिरा येणाऱ्या मुलाला दार उघडताना आमचे बाबा "कुठे होतास?" असं विचारायचे, त्यातलाच प्रकार. पाहुण्यांना नायगाऱ्याच्या अमेरिकेकडच्या बाजूला नेऊन संध्याकाळी परत आणलं, तरी ती फेरी लिहायची. दिवस एकही वजा होत नाही, ओळ मात्र पूर्ण भरायची.

यावर नाकं मुरडायचं कारण नाही. पर्वतीच्या पायथ्याशी जन्मून तिथेच वाढलेल्या राजूला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी आपण पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलो हे सिद्ध करावं लागलं होतं. अधिवासाच्या दाखल्यासाठी बाबा रेशनकार्ड, वीजबिल आणि शाळेचा दाखला घेऊन कचेरीत हेलपाटे घालत होते. तिथे कुणी दूध बघितलं नाही.

२०२१चं पान मात्र जड आहे. बाबांच्या आजारपणासाठी राजू मार्चमध्ये आला आणि २२ एप्रिलला कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली, ती सुरू झाली थेट सप्टेंबरअखेर. मधल्या काळात जायचं तर तिसऱ्या देशात उतरायचं, तिथे कोविडची चाचणी करून घ्यायची आणि मग पुढे. कुणी मेक्सिकोवरून गेलं, कुणी मालदीववरून. राजू ऑगस्टमध्ये बेलग्रेडवरून गेला. त्या वर्षीच्या कालनिर्णयात एप्रिल-मेच्या पानांवर दूध लिहिलेलंच नाही. अर्जात प्रत्येक फेरीपुढे कारणाचा रकाना असतो. राजूने सगळीकडे एकच लिहिलंय, कुटुंबाची भेट. मुंजीला तेच, धोंड्याला तेच, आणि बाबांच्या शेवटच्या महिन्यांनाही तेच. मी काही बोलले नाही. रकाना बोटभरच आहे.

या पाच वर्षांची एक खुबी आहे. ती रोज एक दिवस पुढे सरकतात. राजू तिकडे नुसता बसून राहिला, तरी रोज पुढून मिसिसागातला एक दिवस आत येतो आणि मागून पुण्यात अडकलेला एक दिवस गळून पडतो. म्हणून त्याने ठरवलंय, आता सही होईपर्यंत कुठे हलायचं नाही.

पण यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. कोल्हापूरहून सासूबाईंचा निरोप गेला आहे. अनारशाचं पीठ तयार आहे, ताट-निरांजन आणून ठेवलंय, जावईबापूंनी यावं. राजूने त्यांना फोनवर कॅनडाचा नियम नीट समजावून सांगितला, पाच वर्षांतली तीन वर्षं वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धोंडाही तीन वर्षांनीच येतो हो. आम्ही कधी अर्ज भरून मागितला का?"

तेहतीस अनारसे कुरिअरने पाठवता येतील का, असं राजूने भीतभीत विचारलं. त्यानंतर विहीणबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. आईशी बोलल्या, चांगला पाऊण तास.