वाघोलीत गरम, शिरूरला गार

मे महिन्यात पुण्याहून नागपूरला गाडीनेच जायचं, हे घरात ज्यांना सर्वांत कमी घाम येतो त्या काकांनी ठरवलं होतं. वाघोलीपर्यंत सगळं झकास होतं. तिथल्या कोंडीत गाडी अडकली आणि एसीतून असा वारा सुटला, की मागून पुतण्याने विचारलं, "काका, हीटर लावलाय का?"

शिक्रापूर मागे पडलं, गाडीने वेग घेतला आणि एसी पुन्हा गार. रांजणगावच्या गर्दीत गरम. शिरूरच्या मोकळ्या रस्त्यावर गार.

"गाडी पळते तोवर गार, थांबली की गरम," काकू म्हणाल्या. दुखण्याचं याहून नेमकं वर्णन कुठल्या मिस्त्रीलाही जमलं नसतं. पण ते काकूंनी केल्यामुळे काकांच्या कानात शिरलं नाही.

अहिल्यानगरच्या बाहेर एका गॅरेजात बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागला. "गॅस संपलाय." आपल्याकडे एसीचा हा एकच आजार. वास्तविक गाडीतला गॅस स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तोच तो गॅस वर्षानुवर्षं बंद नळ्यांतून फिरत असतो. कमी झाला तर कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता वर गॅस भरणं म्हणजे त्या भोकाची सोय लावणं. पण डबा जोडला गेला, गॅस 'अंदाजे' भरला गेला, पैसे मात्र मोजून घेतले गेले.

आता एसी चालत्या गाडीतही कुरकुरू लागला. काकांनी लक्ष वळवण्यासाठी इतिहास काढला. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९४० च्या मॉडेलात पहिल्यांदा एसी दिला, तेव्हा त्याच्या यंत्राने निम्मी डिकी व्यापली होती. थंडी फार वाजली तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढायचा. "थंडी वाजली तर ना?" एवढंच म्हणून काकूंनी ओला नॅपकिन डोक्यावर घेतला.

संभाजीनगरात जालना रोडच्या प्रत्येक सिग्नलने काकूंचं निदान पक्कं केलं. तिथे भेटलेले मिस्त्री वयस्कर आणि अबोल होते. त्यांनी गेज लावले, निळं कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. उभ्या गाडीत लाल काटा ३५० पीएसआयकडे सरकायला लागला. मिस्त्रींनी रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरवर तांब्याभर पाणी ओतलं. काटा खाली आला, आतला वारा गार झाला. काका चकित.

"पंखा बंद आहे, साहेब."

डॅशबोर्डच्या आत उकळताना गॅस केबिनमधली उष्णता उचलतो. आर-१३४ए नावाचा हा गॅस उणे २६ अंशांनाच उकळतो, म्हणून हे जमतं. ती उष्णता त्याने कंडेन्सरमध्ये बाहेर टाकायची. गाडी पळत असली की समोरचा वारा हे काम फुकट करतो, थांबली की पंख्याने करायचं. पंखा फिरला नाही तर दाब चढतो आणि जीव वाचवायला कॉम्प्रेसर बंद पडतो. त्यात अहिल्यानगरचा जादा गॅस! मिस्त्रींनी तो मशीनने काढून घेतला, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढली, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिला होता तेवढाच, म्हणजे ४०० ग्रॅम, वजन करून भरला.

उरला पंखा. फ्यूज शाबूत होता, रिले गेला होता. दुकानं दुपारची बंद. मिस्त्रींनी शांतपणे हॉर्नचा रिले उपटून पंख्याच्या जागी बसवला. दोन्ही एकाच मापाचे. पंखा घुमला.

"आणि हॉर्न?" काकांनी विचारलं.

"समृद्धीवर काय करायचाय? नागपुरात नवा घ्या."

समृद्धी महामार्गावर खरंच काही अडलं नाही. टोलनाक्याच्या रांगेतसुद्धा गाडीत महाबळेश्वर होतं. पुतण्याने तर शाल मागितली. मग शिवमडक्याला महामार्ग संपला आणि नागपूर शहर सुरू झालं. बाहेर त्रेचाळीस अंश, समोर रिक्षा, बाजूला रिक्षा, आडवी गाय. दर चौकात काकू काच खाली करून ओरडत होत्या, "ओ भाऊ, सरका हो!", पुतण्या दुसऱ्या काचेतून शिट्टी मारत होता, आणि दोन्ही काचांतून विदर्भाचा उन्हाळा बिनदिक्कत आत येऊन बसला होता.