अठरा घोडे, पावणेतीन एकर

भुशी धरणाच्या पलीकडे, कुरवंड्याच्या अंगाला आमची पावणेतीन एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर त्यातली दीड एकर 'पोटखराबा' म्हणून लागली आहे. महसूल खात्यात कुणीतरी कवी होऊन गेला असावा. उरलेल्या सव्वा एकरालाही सरकार केवळ भिडेखातर जमीन म्हणतं. हिरडा, ऐन, जांभूळ, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या आणि राहिलेल्या सगळ्या जागेत घाणेरी. वडील होते तोवर तिकडे कुणी बघितलं नाही. मी बँकेतून निवृत्त झालो आणि बघितलं.

मला हवं फार नव्हतं. रस्त्यापासून वरच्या विहिरीपर्यंत एक वाट, जेमतेम दोनशे पावलांची. झाड एकही तोडायचं नव्हतं. हिरडा, ऐन, जांभूळ तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते, आणि त्या चकरांपेक्षा झाडाला वळसा घालणं जवळचं पडतं. फक्त घाणेरी काढायची आणि वादळात पडलेली खोडं बाजूला ओढायची.

"चार दिवस कोयत्यावर माणसं लावा, होईल," बायको म्हणाली.

याच कुरवंड्याच्या घाटानं १६६१ साली कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरायला निघाला आणि खाली उंबरखिंडीत महाराजांच्या तावडीत सापडला. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. त्याच्याबरोबर माहूरची रायबागन होती. शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिचा, आणि खानानं निदान शेवटी तरी तो ऐकला. मोठं लटांबर घेऊन या रानात शिरू नये, हा धडा आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर इतिहासानं गिरवून ठेवला आहे. तो शाळेत पाठ केलेला मी, रात्री दीड वाजता मोबाइलवर रबरी पट्ट्यांचे लोडर बघत बसलो होतो.

हे यंत्र रणगाड्याच्या बाळासारखं दिसतं. त्याचं मूळ १९५७ सालचं. अमेरिकेतल्या मिनेसोटात लुई आणि सिरिल केलर या वर्कशॉपवाल्या भावांनी एका टर्की पाळणाऱ्याच्या कोठारातली घाण उपसायला जागच्या जागी गिरकी घेणारी गाडी बनवली. तिचंच पुढं बॉबकॅट झालं. चाकांच्या जागी पट्टे आले ते बऱ्याच नंतर. आपल्याकडे ती कुठल्याही कंपनीची असो, बॉबकॅटच. जशी खोदणारी प्रत्येक पिवळी गाडी जेसीबी. (जेसीबीचा कारखाना आमच्याच मावळात तळेगावला असल्यामुळे त्या बाबतीत आम्ही जरा हक्कानं बोलतो.) व्हिडिओत ते यंत्र उभं झुडूप खायचं आणि मागं भुसा सोडायचं. मला रात्रभर घाणेरीचा भुसा दिसायला लागला.

आमच्या शेजारी नेव्हीकाका राहतात. सहाशे मीटर उंच डोंगरावर नौदल काय करतं, असं पर्यटक विचारतात. पण १९४५ पासून आयएनएस शिवाजीत बोटींची इंजिनं शिकवतात, आणि काकांनी ती जन्मभर शिकवली. त्यांना घेऊन मी चाकणकडच्या एका यार्डात जुना लोडर बघायला गेलो. विकणारा म्हणाला, "साहेब, पट्टे तेवढे टाका, मग दहा वर्षं बघायला नको." काकांनी पट्ट्याच्या भेगेत नख घातलं, आतली पोलादी तार दिसली. मग ते वाकले आणि पट्टा फिरवणाऱ्या चक्राचे दात मला दाखवले.

"कसे वाटतात?"

"चांगले टोकदार आहेत," मी म्हणालो.

"माणसाचे दात झिजले की बोथट होतात. याचे झिजले की टोकदार होतात." पट्ट्यांच्या जोडीची किंमत ऐकून माझी मान आपोआप आमच्या आल्टोकडे वळली. परत येताना काका म्हणाले, "पट्टा तुटला तर लोणावळ्यात काय मिळणार? चिक्की."

मग ट्रॅक्टर. जुना ट्रॅक्टर विकणाऱ्यांची एक स्वतंत्र मराठी आहे. 'एकहाती वापर' म्हणजे हात एकच होता, पण तो कसा होता हे सांगणार नाही. 'घरगुती वापर' कशाला म्हणतात ते अजून कळलेलं नाही. ट्रॅक्टर घरात काय करत असेल? 'इंजिनाला हात लावायचं काम नाही' हे मात्र शब्दशः खरं निघतं. एका ठिकाणी मीटर ११८० तास दाखवत होता आणि क्लचचं पायडल देवळातल्या कासवाच्या पाठीसारखं गुळगुळीत झालं होतं. इतक्या कमी तासांत इतकी भक्ती होत नाही.

काकांची तपासणी बघण्यासारखी असे. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात. गरम लागलं तर तिथूनच परत. कारण आम्ही यायच्या आत त्यांनी चालू करून ठेवलाय, म्हणजे थंड असताना सुरू होत नाही. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढायचं आणि भोकावर हात धरायचा. फुसफुस आली की काका म्हणत, "बॅक मारतंय." म्हणजे इंजिन आतून झिजलेलं. त्यानंतर मागचा रोटाव्हेटर लिफ्टवर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि चहा मागवायचा. चहा संपेपर्यंत रोटाव्हेटर जमिनीला टेकला तर हायड्रॉलिक गेलं. या पद्धतीनं आम्ही मे महिन्यात तालुकाभर चहा प्यालो. कागदपत्रं तेवढी माझ्याकडे होती. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाची सही आहे का, एवढं बघायला तरी बँकेतली तीस वर्षं उपयोगी पडली.

खरी मोजणी केली ती खालच्या भातखाचराच्या मामांनी. ते एक काठी घेऊन रानात शिरले आणि दोन हिरड्यांच्या मधे ती आडवी धरली. काठी पाच फुटांची. तिला हलायला जागा नव्हती.

"दादा, तुमचा टॅक्टर किती रुंद?"

मोठा ट्रॅक्टर सहा फुटांच्या घरात, जेसीबी त्याहून रुंद आणि साडेसात टनांचा. दीड महिना मी अश्वशक्ती, गिअर आणि लिफ्टची वजनं पाठ करत होतो. दोन झाडांमधलं अंतर मोजायचं मला सुचलं नव्हतं. तेव्हा बागायतदार वापरतात तसला चार फुटी, अठरा घोड्यांचा, चारही चाकं ओढणारा छोटा ट्रॅक्टर ठरला. तीन लाख दहा हजार.

विकणाऱ्यानं तो पोचता केला जुलैतल्या एका शनिवारी. जुलैतला शनिवार म्हणजे काय हे लोणावळेकरांना सांगायला नको. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेनं बांधलेल्या भुशी धरणावर अख्खी मुंबई आणि अर्धं पुणं भिजायला आलेलं. मी रेनकोट घालून मडगार्डवर बसलो होतो. दोन तासांत आम्ही एक किलोमीटर सरकलो. तेवढ्यात चार जणांनी ट्रॅक्टरबरोबर फोटो काढले, आणि एका बाईंनी मला कणीस कितीला म्हणून विचारलं.

रानात मात्र ट्रॅक्टर झोकात शिरला. घाणेरी आडवी करत ऐंशी पावलं चढला, हिरड्यापाशी पोचला आणि तिथल्या तांबड्या चिखलात चारही चाकांनी सारख्याच निष्ठेनं चार खड्डे खणले. काका छत्री घेऊन बघत होते. "पट्टे असते तर वजन पसरलं असतं. चढला असता." मी त्यांच्याकडे बघितलं. "असते तर," ते म्हणाले, "पण घ्यायचा नव्हताच."

लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ट्रॅक्टर तिथंच राहिला. ऑगस्टमध्ये त्याच्या स्टीअरिंगला वेल लागला. सप्टेंबरात बॉनेट दिसेनासं झालं, आणि मागून घाणेरीनं पुन्हा डोकं वर काढून आल्या वाटेचं दार लावून घेतलं. बायको काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची तर यंत्रापर्यंत पोचायला हवं. मामा तीन माणसं घेऊन आले. त्यांनी कोयत्यानं रस्त्यापासून हिरड्यापर्यंत रान साफ केलं. "पण ह्यो इथं फिरायचा कसा?" मामा म्हणाले. ट्रॅक्टर वळवायला सपाट जागा फक्त विहिरीपाशी. मग तिथपर्यंतही साफ केलं, आड येणारी खोडं खांद्यावर घेऊन बाजूला टाकली. काकांनी बॅटरी चार्ज करून आणली. झेंडूची माळ घातलेला ट्रॅक्टर वर गेला, विहिरीपाशी वळला आणि खाली आला. कोयत्याला चार दिवस लागले. बायकोनं बोटं मोजून दाखवली नाहीत. नुसता पंजा पदराखालून बाहेर काढला.

वाट झाली आणि ट्रॅक्टरला आमच्याकडे काम उरलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मामांनी तो चिखलणीला नेला. खाचरात तो इतका मन लावून चालतो की तिथंच जन्मला असं वाटावं. दिवाळीनंतर मामा इंद्रायणीचं एक पोतं आणून टाकतात, आणि ते विहिरीपर्यंत न नेता सरळ स्वयंपाकघरात जातं.

परवा मीटर बघितला. आमच्याकडे आल्यापासून सत्तर तास झालेत. त्यातले अडुसष्ट मामांच्या खाचरातले.