इस्त्री करायची की नाही?

भाच्याची बंगळुरूहून सिंगापूरला बदली झाली. जायच्या आधी आईच्या हातचं खायला म्हणून तो पंधरा दिवस भिलाईला आला, आणि मुहूर्त कोणता निवडला, तर नौतपाचा. सूर्य रोहिणीत शिरला की आमच्याकडे नऊ दिवस कोणी कोणाला "या बसा" म्हणत नाही. अशा दिवसांत दुपारी जेवताना त्यानं कंपनीचं सूचनापत्रक मोठ्यानं वाचलं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं: सिंगापूरचं हवामान उष्ण आहे, नव्यानं येणाऱ्यांनी कपड्यांची निवड विचारपूर्वक करावी.

बाहेर 45 अंश होते. कूलरमधलं पाणी संपल्यानं तो नुसता घरघरत होता. ताईनं पदरानं मान पुसली आणि विचारलं, "म्हणजे किती उष्ण रे?"

भाच्यानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "आजवरचा उच्चांक 37 अंश. एकदा 1983 मध्ये आणि पुन्हा 2023 च्या मेमध्ये."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. 37 म्हणजे आमच्या एप्रिलमधला ढगाळ दिवस. त्या दिवशी लोक म्हणतात, आज जरा बरं आहे, चला, मैत्रीबागेत वाघ बघून येऊ. त्या तापमानाची अख्ख्या देशानं नोंद ठेवली, हे ऐकून भावोजींना सिंगापूरबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. बिचारे, म्हणाले.

पण भाचा इंजिनिअर. त्यानं हिशेब पुढे नेला. भिलाईत डिसेंबरच्या पहाटे शेकोटी लागते, तिकडे बारा महिने पारा तेवीस-चोविसाच्या खाली क्वचितच येतो. वर्षाची सरासरी काढली तर सिंगापूर आपल्यापेक्षा गरम. शिवाय हवा दमट. भिलाईत घाम येतो आणि लू त्याला लगेच उडवून नेते. सिंगापुरात घाम येतो तो मुक्कामाला.

"मग न्यायचं काय?" ताईनं मुद्द्याला हात घातला. पत्रकात उत्तर होतं, ‘स्मार्ट कॅज्युअल’. या दोन शब्दांवर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. भावोजींचं म्हणणं, स्मार्ट आणि कॅज्युअल हे एकाच माणसाला एकाच वेळी होता येत नाही, कॅज्युअल म्हणजे तर रजा. ताईचा प्रश्न जास्त रोखठोक होता: "त्याला इस्त्री करायची की नाही?" याचं उत्तर भाच्याकडे नव्हतं. मला वाटतं, कंपनीकडेही नसावं. इस्त्री केलेली आहे पण ती केल्यासारखी वाटत नाही, अशी ती काहीतरी अवस्था असावी.

खरं तर परक्या, गरम गावात कामावर काय घालून जायचं, या प्रश्नावरच आमचं गाव उभं आहे. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि बर्फातली माणसं दुर्गशेजारच्या या माळावर पोलाद काढायला उतरली. त्यांचे मुख्य अभियंता वेनियामिन डिमशित्स. त्यांनी त्याआधी मॅग्निटोगोर्स्कला काम केलेलं. तिथल्या हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-वीस अंश उतरतो. तिथून थेट आमचा मे महिना. जुन्या फोटोंत ही मंडळी दिसतात ती पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, डोक्यावर टोपी. टाय नाही, कोट नाही, आणि कुठलं सूचनापत्रकही हातात नाही. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. अर्ध्या बाह्यांमुळे पोलाद मऊ निघाल्याची तक्रार कोणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या गल्लीतले एक काका तीस वर्षं भट्टीसमोर उभे राहून निवृत्त झाले. कपड्यांबद्दल बोलायचा अधिकार असलाच तर त्यांचा. दीड हजार अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस समोरून वाहत असताना माणूस काय घालतो? अंगात जाड सुती कपडे, वर उष्णता परतवणारा चकाकता अॅल्युमिनियमचा कोट, पायात जाड बूट. टेरिलीन वर्ज्य, कारण ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. काकांच्या पोशाखातल्या प्रत्येक चिंधीला कारण होतं.

आता भट्टीपासून एकेक पाऊल मागे या. मग तो कुठलाही कारखाना असो. फोरमनच्या अंगावर बुशशर्ट. त्याच्या मागच्या इमारतीतल्या साहेबांच्या अंगावर टेरिकॉटचा सफारी, म्हणजे ज्यात कोटाची ऐट नाही आणि शर्टाचा वाराही नाही. सगळ्यात मागे, सगळ्यात गार खोलीत, टाय आणि कोट. आगीपासून जितकं लांब तितका पोशाख बिनकारणाचा, आणि जितका बिनकारणाचा तितका पगार जास्त. हवामानाशी भांडणारे कपडे ज्याला परवडतात तो साहेब. इंग्रज गेला, पण गळ्याची ती गाठ त्यानं कोणाची सोडवली नाही. वकिलांचं त्यातल्या त्यात बरं. उन्हाळ्यात त्यांना काळ्या कोटाची सक्ती नाही, पण ही सवलत फक्त खालच्या कोर्टात. हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात कोट हवाच. न्याय जसजसा वर चढतो तसतसं अस्तर वाढतं.

यात शास्त्रही साहेबाच्याच बाजूचं. कपडे किती ऊब धरतात हे मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक आहे, 1941 मध्ये ठरलेलं. एक क्लो म्हणजे काय? साधारण 21 अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखाचं वाटेल एवढं कापड, म्हणजे ढोबळमानानं एक पुरुषी सूट. कापसाचं झाड नाही, मेंढी नाही, थेट सूटच. पुढे कचेऱ्यांतल्या गारव्याची मापं ठरवताना 1960 च्या दशकातला एक चाळिशीचा, सत्तर किलोचा पुरुष समोर धरला गेला, हे 2015 मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे माणसाला सोसेल असे कपडे शिवण्याऐवजी कोटाला सोसेल अशी खोली गार केली. त्या खोलीत साडी नेसलेली बाई कुडकुडते, तेव्हा तिला शाल आणायला सांगतात.

सिंगापूरनं तर अशा गार खोल्यांवर राज्य उभारलं. ली क्वान यू पंतप्रधान झाले 1959 मध्ये, आमच्या भट्टीच्याच वर्षी. त्यांनीच पुढे सांगून ठेवलंय की पंतप्रधान झाल्यावर आधी त्यांनी सरकारी कचेऱ्यांत एअर कंडिशनर बसवले. एकाच वर्षी इकडे आम्ही आग पेटवली आणि तिकडे त्यांनी गारवा. कोण पुढे गेलं हे सांगायची गरज नाही, भाचा तिकडे चाललाय. जपाननं मात्र 2005 मध्ये उलटा विचार केला: उन्हाळ्यात कचेऱ्यांचा एसी 28 वर, आणि टाय काढा. आपल्याकडेही 2020 पासून नवा एसी 24 वर सुरू व्हायला हवा असा नियम आहे. तो 24 वर सुरू होतोही. मग रिमोट ज्याच्या हातात असतो तो त्याला 18 वर आणतो.

तर कचेरीतल्या गारठ्यात कोट लागणार हे ठरलं, आणि बाहेरच्या उकाड्यासाठी तो हलका करून घ्यायला आम्ही भाच्याचा लग्नातला कोट घेऊन सुपेला बाजारातल्या शिंप्याकडे, मास्टरजींकडे गेलो. मास्टरजींनी कोट उलटा केला आणि एखादा मासा साफ करावा तसा तो आम्हाला उलगडून दाखवला. वरचं कापड तर पातळच. त्याच्या आत छातीला ताठपणा देणारा कॅनव्हास, खांद्यात कापसाची गादी आणि सगळ्यावर पॉलिएस्टरचं चकचकीत अस्तर. "गर्मी कपड्यात नाही साहेब," मास्टरजी म्हणाले, "गर्मी इथे आहे." आणि त्यांनी अस्तरावर असं बोट ठेवलं की जणू चोर सापडला. पाठीवरचं अस्तर काढून टाकायचं, बाह्यांतलं ठेवायचं, नाहीतर हात आत सरकत नाही. उघड्या पडलेल्या शिवणींना पट्टी लावून घ्यायची. खांद्यातली गादी निम्मी. त्यांनी चार तासांत कोटाचं ऑपरेशन केलं आणि काढलेलं अस्तर कागदात गुंडाळून परत दिलं, रुग्णाच्या नातेवाइकांना पित्ताशयाचे खडे देतात तसं.

पँटसाठी त्यांचा सल्ला होता पातळ लोकरीचा. ताई किंचाळलीच. पण मास्टरजी ठाम. हलक्या विणीची लोकर हवा खेळू देते, घाम शोषते, आणि दिवसभर खुर्चीत दबलेली सुरकुती रात्री टांगून ठेवली की आपोआप जाते. लिनन गार खरं, पण मीटिंग संपेपर्यंत पापडासारखं चुरगळतं. काकांनीही दुजोरा दिला. रशियातले भट्टीवाले आगीसमोर जाड लोकरीचेच कपडे घालत, त्यांनी सांगितलं. ताईनं हे मान्य केलं नाही, पण पँट शिवली गेली.

ताईचा जीव कोशात अडकला होता. चांप्याचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, हातमागावरचं, मधाच्या रंगाचं. इंडोनेशियातले लोक कचेरीत ऐटीत बाटिक घालतात, मग छत्तीसगडच्या पोरानं कोसा का घालू नये? प्रश्न बिनतोड होता. भाचा म्हणाला, "आई, सगळे विचारतील आज कोणाचं लग्न आहे." मी त्याला म्हटलं, अरे, टाय बघून कोणी विचारतं का? त्यावर तो मोबाइलमध्ये बघायला लागला. कोशाचा शर्ट बॅगेत गेला तो तळाशी.

तो गेला. दोन आठवड्यांनी व्हिडिओ कॉल आला, तेव्हा साहेब शर्टाच्या बाह्या दुमडून हातगाड्यांसारख्या ठेल्यांच्या बाजारात भात खात होते. "कोट?" ताईनं पहिलं तेच विचारलं. कोट ऑफिसात, तो म्हणाला. तिथे सगळ्यांचेच कोट ऑफिसात राहतात. घरून शर्टात यायचं, घामाघूम व्हायचं, आत गेल्यावर गारठायचं आणि खुर्चीच्या पाठीवरचा कोट चढवायचा. बाहेर पडताना परत खुर्चीला घालायचा. शनिवारी-रविवारी तो एकटाच तिथे गार हवा खातो. म्हणजे विमानाचं तिकीट भाच्याचं, पण बदली झाली कोटाची.

त्यानं खुर्चीचा फोटो पाठवला. काकांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि खूप वेळ हसले. खुर्चीवर कोट, म्हणजे साहेब आलेत, आत्ताच जरा खाली गेलेत. ही विद्या आपल्याकडच्या कचेऱ्यांत पन्नास वर्षं जुनी आहे, तिच्यासाठी पोराला सिंगापूरला कशाला धाडलं, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी सुपेल्यात भाजी घ्यायला गेलो तेव्हा मास्टरजींनाही फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि खुर्चीची पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली.

"कंधा एकदम बराबर बैठा है," ते म्हणाले.