दहा टक्क्यांचा हिशेब

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी देशाला खाण्यातलं तेल १० टक्के कमी करायला सांगितलं. गणित सोपं आहे. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे १५ ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात १३५. पण नवी मुंबईतल्या दिघ्यात प्रश्न असा, की वडे तळणाऱ्याच्या कढईतले १० टक्के कोणाच्या खात्यात धरायचे?

शिवाय याच पंतप्रधानांनी १२ जानेवारी २०२४ला दिघा गाव स्थानकाचं उद्घाटन करून ऐरोलीपर्यंतची पायपीट वाचवली, म्हणजे चालण्यात जळणाऱ्या कॅलरीही वाचवल्या. (रिक्षानं जाणाऱ्यांचं वजन त्यामुळे बदलायचं कारण नाही.)

किती वेळा खावं, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळानं खा. सुज्ञ मराठी कुटुंबानं मधला मार्ग काढला: जेवण दीक्षितांचं, मधलं खाणं दिवेकरांचं.

चहाकडे मात्र कोणी पाहत नाही. चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम आणि १६० कॅलरी. चमचा अर्ध्यावर आणला की ८० वाचल्या, फुकटात. पण टपरीवर ‘साखर कमी’ म्हणावं, तर चार माना वळतात आणि हळहळून विचारतात, ‘शुगर निघाली का?’